रूथबाईंनी शिकवलेली चूळ

रूथबाई माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याला तोंड उघडायला लावायच्या. बदली होऊन मी त्या गावात आले त्या दिवशी माझी वळकटी अजून एसटीच्या टपावरच होती. तेवढ्यात निळ्या काठाच्या पांढऱ्या पातळातली एक उंच, काटक बाई पुढं आली आणि म्हणाली, "नवीन मास्तरीण ना तुम्ही? हसा बघू." मला वाटलं, इथं पाहुण्याचं स्वागत असंच करत असतील. हसले बापडी. त्या वाकल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "खालच्या दातांना कीट धरलंय. मशेरी लावता?" एसटीतून उतरलेली चार माणसं ऐकत होती. लावत नाही म्हणायची सोय नव्हती, कारण डबी पिशवीतून डोकावत होती. असा राग आला मला, की पुढं कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

पण बोलणार नाही तर जाणार कुठं? सरकारी खोल्या दोनच, मधे विटेची एक भिंत. एकीत मी, दुसरीत नर्स म्हणून नेमलेल्या त्या आणि त्यांचं ते आरोग्य उपकेंद्र, म्हणजे एक कपाट, एक खाट आणि एक स्टोव्ह. नगर-पुणे रस्त्याला फाटा फुटून पारनेरच्या अंगाला आत गेलं की ते गाव लागायचं. नाव सांगत नाही, माणसं अजून नांदती आहेत तिथं.

नर्सबाईला वरून हुकूम यायचे ते बाळंतपणाचे, लसीचे आणि कुटुंबनियोजनाचे. हिरड्यांचा हुकूम कुणी दिलेला नव्हता. ते त्यांचं स्वतःचं वेड. पिशवीत बाजारातला एक गोल आरसा असायचा, एक बॅटरी आणि मिठाची पुडी. आरसा उकळून घ्यायच्या, चिमट्यानं बाहेर काढायच्या आणि समोरच्या बाईला तिचीच हिरडी दाखवायच्या. "बघ. ही गुलाबी, ही तुझी. आणि ही जांभळी, ही तुझी राहिलेली नाही." दात किडला तर लोक ओरडतात, हिरडी सडली तरी गप्प बसतात, कारण ती दुखत नाही, हे त्यांचं मुख्य दुखणं होतं. म्हणायच्या, "घरात सापाचं पिल्लू निघालं. ते अजून चावलं नाही म्हणून कुणी झोपतं का? चूळ लाल आली की समजायचं, पिल्लू निघालं."

या वेडाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही डाळ निवडता निवडता. त्या नगरच्याच, मिशनच्या आवारात वाढलेल्या. आजा-पणजापासून ख्रिस्ती. "माझ्या आईचे दात तिशीतच गेले. एक एक करून हलायला लागले आणि हातात आले. कीड एकाला नव्हती, मास्तरीण. चांगले मोत्यासारखे दात, नुसती खालची जमीन खचली. मग आई भाकरी ताकात भिजवून खायची. ताक नसलं की आम्ही खाताना नुसती बघत बसायची." एवढं बोलून डाळीतला खडा उचलून फेकला. परत कधी आईचा विषय काढला नाही.

त्यांची सकाळ मला भिंतीपलीकडून ऐकू यायची. आधी कडुनिंबाची काडी. मग मीठ, हळद आणि करडईच्या तेलाचे दोन थेंब बोटावर घेऊन हिरड्या चोळणं, आतून-बाहेरून, अगदी घाई नाही. माझा चहा उकळून आटायला यायचा तरी बाईंचं चोळणं चालूच. आणि शेवटी चूळ. ती चूळ म्हणजे काय सांगू, गालाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पाणी असं घुसळायच्या की भिंतीला ऐकू जावं. मग एकदम थुंकायच्या. मी अंथरुणात चरफडायची, आणि तरी एखाद्या दिवशी तो आवाज आला नाही तर मला उठायला उशीर व्हायचा.

माझी मशेरीची डबी त्यांनी कधी मागितली नाही. नुसतं रोज सकाळी ओट्यावर येऊन म्हणायच्या, "बोट दाखवा." हिरडी चोळून बोट पुढं करायचं, लाल असलं की त्या काही न बोलता आत जायच्या. त्या न बोलण्याचा मला इतका वैताग आला की शेवटी मीच डबी चुलीत घातली. शाळेत तर त्यांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेची प्रार्थना संपली की पोरांची रांगच धरली. सगळी पोरं हिरडी चोळायची आणि बोट वर करायची. "लाल कुणाचं?" लाल बोटवाल्यानं मिठाच्या पाण्याची चूळ भरायची आणि घरी जाऊन आईला पण भरायला लावायची.

भीड म्हणून नव्हती या बाईला. एकदा जिल्ह्याहून बडे साहेब तपासणीला आले. चावडीत सतरंजी, तक्क्या, सरपंचांच्या घरचा चहा. साहेब आकडे विचारतायत, बाई सांगतायत, आणि सांगता सांगता थांबल्या. "साहेब, रागावू नका. तुमच्या तोंडाला वास येतोय." सरपंचांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. बाई आपल्या शांतपणे पुढं, "पोटाचा नाही तो, हिरडीचा आहे. सकाळी चूळ लाल येते का?" साहेब छताकडं बघत हळूच म्हणाले, "येते." झालं. चावडीच्या दारात, उजेडाला तोंड करून, जिल्ह्याचे साहेब आ करून उभे आणि बाई आरसा धरून त्यांना त्यांचीच हिरडी दाखवतायत. पुढं साहेबांनी त्यांना बढती दिली नाही आणि बदलीही केली नाही. "हिरडी सुधारली असेल," एवढंच बाई म्हणायच्या.

गावात त्यांना एकच घर बंद होतं, बायजाबाईचं. बाकी घरांतल्या बायका हसत-लाजत का होईना, आ करायच्या. बायजाबाई वयस्क, जमीनजुमला राखून असलेली, करारी बाई. तिच्या सुनेचं, भागाचं बाळंतपण रूथबाईंनीच केलं होतं, अडलेलं बाळंतपण. पोरगी झाली, दोघी वाचल्या. पण बारशाच्या आधी बाई भागाची हिरडी बघायला गेल्या तर बायजाबाई दारात आडवी. माझ्यासमोर म्हणाली, "शिस्टर, राग धरू नगा. बाळातपनाला हात लागला, आमी न्हानीत गेलो, आंगावरनं पानी घेतलं, झालं. त्वांडात गेल्याला हात कशानं धुवायचा?"

मला इतकं लागलं ते, की मी दोन शब्द सुनवायला पुढं झाले. रूथबाईंनी माझा दंड धरला. परत येताना म्हणाल्या, "त्यांनी निदान कारण सांगितलं. बाकीचे कारण न सांगता चहाचा कप वेगळा ठेवतात." भागा मात्र दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वाटेवर त्यांना गाठून म्हणाली, "बगा, पटकन बगा." लाजरी, हडकुळी पोरगी, हसताना पदर तोंडाला. बाईंनी बघितलं. खालची हिरडी दातांपासून सुटत चालली होती, लग्नाआधीपासूनची मशेरी. "भागा, तुझे दात मी राखीन," बाई म्हणाल्या. "तू फक्त मला तोंड दाखवत जा." तेव्हापासून हे दोघींचं चोरून चालायचं, पाण्याच्या वाटेवर, बाभळीच्या आडोशाला.

आणि मग बहात्तर साल आलं.

त्या सालाचं मी काय सांगू. आधीचंही वर्ष कोरडंच गेलं होतं. विहिरींचा तळ दिसायला लागला, मग तळातला गाळ, मग गाळाला भेगा. गुरं छावणीला गेली, त्यांच्याबरोबर भागाचा नवरा गेला. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातली ज्वारी यायची, तिची भाकरी थापली की तव्यावरच फुटायची. सगळं गाव दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला. कालपर्यंत बारा घरांना धान्य देणारी बायजाबाईसुद्धा डोक्याला फडकं बांधून सुनेशेजारी हातोडी घेऊन बसली. गावाला पाणी टँकरचं. मालट्रकवर टाकी ठेवलेली, कधी रोज यायचा, कधी दोन-दोन दिवस पत्ता नाही. आला की नळी विहिरीत सोडायचा आणि बायका पोहरे घेऊन तुटून पडायच्या.

रूथबाईंना कामावर औषधाची पेटी घेऊन बसायला सांगितलं होतं. बोटं चेचलेली, डोळ्यात खडीचा कण गेलेला, भोवळ आलेली, असले रोगी. पण त्यांचं लक्ष दुसरीकडंच. सकाळी कामाला हात लावायच्या आधी बायका ओळीनं उकिडव्या बसायच्या आणि मशेरीची डबी हातोहात फिरायची. मी एकदा सुट्टीच्या दिवशी बाईंबरोबर गेले तेव्हा त्या डबीवरून बोलल्याच. तर एकजण म्हणाली, "शिस्टर, मशेरी लावली का भूक मरती. तुमी काय देता तिच्या जागी?"

"भूक मरत नाही गं. ती दुपारी परत येते. हिरडी मरते, ती परत येत नाही."

"दुपार तर निघती," ती बाई म्हणाली. रूथबाई औषधाची पेटी उचलून पुढं गेल्या.

काही दिवसांनी त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या, पाय धुळीनं माखलेले, धुवायला पाणी नाही. "मास्तरीण, मी इतके दिवस नुसत्या मशेरीला शिव्या घालत होते. आज तंबाखूला शिवली नाहीत अशा पोरांची तोंडं बघितली. त्यांच्याही हिरड्या फुगून जांभळ्या झाल्यात, बोट लावलं की रक्त. पाला नाही, लिंबू नाही, हिरवं म्हणून काही पोटात नाही. हे उपाशी रक्त आहे." मग कुठून कुठून मूठ-मूठ हुलगे मिळवून त्यांनी ओल्या फडक्यात बांधायला सुरुवात केली. मोड आले की कामावर जाऊन एकेकीच्या तोंडात चिमूट-चिमूट घालायच्या. भागाला मूठभर. एवढ्याशा मोडानं किती जणींचं भागणार? पण बाई थांबेनात. त्या फडक्याला लागणारं पाणी त्यांच्या पिण्यातलं होतं.

आणि एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की भिंतीपलीकडून चूळ ऐकू येत नाही. विचारलं तर म्हणाल्या, "माझी चूळ कामावर नेते." खरंच, आपल्या वाटणीच्या पाण्याचा निम्मा मटका त्या मीठ घालून कामावर न्यायला लागल्या होत्या. हिरडीतली घाण निघाली, तोंड आंबलं नाही, तर निदान पू तरी होणार नाही, असा हिशेब.

पहिल्या दिवशी मी होते. बाईंनी बायकांना ओळीनं बसवलं, प्रत्येकीच्या ओंजळीत घोटभर मिठाचं पाणी ओतलं, स्वतः घोट घेऊन घुसळून दाखवला आणि बाजूला थुंकून दाखवला. "अशी." बायकांनी पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले, छान घुसळलं. आणि मग ओळीतल्या एकेकीचा गळा खाली-वर झाला. सगळ्यांनी गिळलं.

"अगं, थुंका म्हटलं ना."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. बायजाबाई म्हणाली, "पानी थुकायचं? ह्या दिसात? शिस्टर, तुमच्या देवाला चालत आसंल, आमच्या देवाला न्हाई चालायचं." दुपारी खारट पाण्यानं सगळ्यांचे घसे कोरडे पडले, दोघी-तिघींना ओकाऱ्या आल्या, मुकादम बाईंवर खेकसला, की कामाचं नुकसान कोण भरणार. त्या दिवशी रूथबाई घरी येऊन रडल्या. रडता रडता म्हणाल्या, "माझी चूक आहे. त्यांच्या ओठाला पाणी लावायचं आणि म्हणायचं, टाका. मी काय बाई आहे का कोण आहे?"

यावर तोड काढली ती भागानं. तिच्याकडं एक शेळी होती, लाली. छावणीत शेळ्या घेत नव्हते, म्हणून ती कामावर आणून बाभळीला बांधायची. पोरीला तिचंच दूध, जे काही चमचाभर निघे ते. दुसऱ्या दिवशी भागानं मिठाच्या पाण्याचा घोट घेतला, चांगला घुसळला, आणि उठून शेळीपुढच्या फुटक्या घमेल्यात जाऊन थुंकली. लालीनं ते चाटून घमेलं कोरडं केलं आणि वर मान करून भागाकडं बघत राहिली. "जनावराला मीठ लागतंच की," भागा म्हणाली. "उष्टं चालतं तिला."

बायका बघत राहिल्या. मग एक उठली, मग दुसरी. पाणी वाया जात नाही म्हटल्यावर पाप कसलं? त्या दिवसापासून मशेरी लावून झाली की बायका घमेल्याशी रांग धरायच्या, एकेक चूळ, आणि लाली प्रत्येकीच्या तोंडाकडं मान लांबवून उभी. रूथबाईंना किती आनंद झाला म्हणून सांगू. रस्त्यानं येताना एकट्याच हसत होत्या. "आपण शिकलो ते पुस्तकात, मास्तरीण. शेळी कुठल्या पुस्तकात होती?" बायजाबाई तेवढी रांगेत आली नाही. पण सुनेला अडवलंही नाही. महिनाभरात भागाची वरची हिरडी बसली, रक्त कमी झालं. बाई मला म्हणाल्या, "खालचे दोन दात जातील. बाकीचे राहतील. म्हातारपणी भाकरी चावून खाईल बघा ती." ते वाक्य त्या दोन-तीनदा बोलल्या.

उन्हं कडक व्हायला लागली. रूथबाईंना लस टोचायला वाड्यावस्त्यांवर पाठवलं, दोन-तीन दिवस त्या गावात नव्हत्या. तेवढ्यात भागाच्या खालच्या दाढेशी गळू आलं. तिनं जबड्याला पदर बांधला आणि खडी फोडत राहिली, कारण कामावर गेलं नाही तर तिथं वाटायची ती गूळ-पिठाची सुकडी नाही, आणि सुकडी पोरीला लागायची. बायजाबाईनं हळद उगाळून लेप दिला, विटकरीचा शेक दिला. तिला जे येत होतं ते सगळं तिनं केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. पण सूज गालावरून उतरून हनुवटीखाली गेली, तिथून गळ्यावर.

रूथबाई परतल्या त्या सकाळी तशाच, पिशवी खांद्याला, मला बरोबर घेऊन बायजाबाईच्या दारात. या वेळी दारात कुणी आडवं नव्हतं. भागा भिंतीला टेकून बसलेली, आडवी झाली की जीव घुसमटायचा. जीभ वर उचललेली, तोंडातून लाळ, बोलता येईना. बाईंनी गळ्याला हात लावला, लाकडासारखा घट्ट. त्या माझ्याकडं वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा इतका पांढरा बघितला. "हे मिठाच्या पाण्याच्या पलीकडं गेलंय. गळ्यात पू उतरलाय. आज कापून बाहेर काढला नाही तर श्वास बंद होईल." मोठ्या केंद्रावरच्या डॉक्टरची जागा रिकामी होती. नगरशिवाय इलाज नव्हता. एसटी संध्याकाळची.

आणि तेवढ्यात टँकर आला.

तो दोन दिवस आला नव्हता. गावातल्या झाडून सगळ्या बायका हंडे-कळश्या घेऊन विहिरीवर. ड्रायव्हरनं नळी सोडली. नळी बारीक, टाकी खाली व्हायला चांगला वेळ लागायचा. रूथबाई आणि मी भागाला दोन्हीकडून धरून आणलं. बाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "नळी काढ. आत्ता निघायचं."

"बाई, अजून निम्मी टाकी हाय. गाव मला जित्ता सोडंल का?"

बाई बायकांकडं वळल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या तोंडात त्यांनी हुलग्याचे मोड घातले होते. "मी पाया पडते तुमच्या. पाणी उद्या येईल. हिला उद्या नाही."

कुणी हललं नाही. एक तरणी बाई, कडेवर पोर, टँकरच्या पुढ्यात उभी होती, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण पाय उचलेना. मी त्यांना दोष देत नाही. माझी स्वतःची कळशी त्या रांगेत होती आणि माझं लक्ष एकदा तिच्याकडं गेलं. भागाचा श्वास करवतीसारखा वाजत होता.

तेव्हा बायजाबाई पुढं आली. नातीला तिनं माझ्या हातात दिलं. रांगेत तिचे दोन हंडे सगळ्यात पुढं होते. तिनं ते रिकामे हंडे उचलले आणि एक एक करून जमिनीवर पालथे घातले. "जाऊ द्या," ती म्हणाली. "माज्या सुनंसाटी जाऊ द्या. एक दिस काढू." मग शेजारणीनं आपली घागर पालथी घातली. मग तिच्या मागचीनं. ती तरणी बाई टँकरपुढून बाजूला झाली. मी पण माझी कळशी पालथी घातली. ड्रायव्हरनं नळी ओढली, तिच्या तोंडातून धार जमिनीवर सांडली आणि सगळ्या बायकांच्या तोंडून एकदम "अगं आई" असा उद्गार निघाला. भागाला मधे घेऊन रूथबाई केबिनमधे चढल्या. बसवलं, मानेखाली हात घातला. निम्मं पाणी टाकीत हिंदकळत घेऊन टँकर गेला.

तो दिवस उतरायच्या आत परत आला. लांबूनच कळलं, कारण इतक्या लवकर यायचं दुसरं कारण नव्हतं. नगरच्या वेशीवरचं केडगाव दिसायला लागलं होतं, ड्रायव्हर नंतर सांगत होता, शिस्टर सारखी म्हणत होती, आलं बघ भागा, आलं, नाकानं श्वास घे. आणि मग ती म्हणायची थांबली. भागा त्यांच्या खांद्यावर मान टाकून गेली. ड्रायव्हरनं विचारलं, बाई, आता? त्या म्हणाल्या, "घरी ने. आणि पाणी पण ने. त्यांचं आहे."

विहिरीवर नळी पुन्हा सोडली. त्याच पाण्यानं भागाला आंघोळ घातली. मयत आणलेल्या गाडीचं पाणी म्हणून विटाळाचा शब्द गावातल्या एकाही माणसानं काढला नाही. छावणीतून तिच्या नवऱ्याला कुणीतरी सायकलवर आणलं. तो हमसून हमसून रडला आणि ऊन उतरता उतरता सगळं झालं.

पुढच्याच महिन्यात रूथबाईंची बदली झाली. मी नगरला प्रशिक्षणाला गेले होते, आले तर भिंतीपलीकडं कुलूप. नंतर कितीदा वाटलं शोधावं, पण संसार, नोकरी, राहूनच गेलं. आता नगरात सावेडीला मुलाकडं असते. तिथला दातांचा डॉक्टर, कोवळा पोरगा, माझी हिरडी बघून म्हणाला, "आजी, या वयात अशी हिरडी बघायला मिळत नाही. काय करता?" मी म्हटलं, सकाळी एक बाई बोट दाखवा म्हणते. त्याला वाटलं म्हातारीला भ्रम झालाय. असू दे.

मला त्या दिसतात त्या त्याच संध्याकाळच्या. ओढ्याकाठून पुरुष परतले होते. आमच्याकडं रीत आहे, मातीहून आलं की दारातच कडुनिंबाचा पाला चावायचा, चूळ भरायची, मगच आपापल्या घरी जायचं. बायजाबाईच्या अंगणात डहाळी ठेवली होती आणि ती स्वतः टँकरच्या त्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. रडत नव्हती. एकेकजण पाला घेई, चावी, ती ओंजळीत पाणी ओती, आणि तो चूळ भरून थुंके. बायकाही आल्या. पाण्याचा थेंब थुंकायला पाप म्हणणाऱ्या सगळ्या बायका ओळीनं चूळ भरत होत्या आणि जमिनीवर थुंकत होत्या. रीतच ती, तिला कोण काय म्हणणार? अंगणातली माती ओली झाली.

रूथबाई बाजूला, शेळीच्या खुंट्याशी उभ्या होत्या. पातळावर वाळलेले डाग. त्या आपल्यांतल्या नाहीत, त्यांना ही रीत नाही, म्हणून त्या पुढं येत नव्हत्या, आणि जातही नव्हत्या. बायजाबाईनं सगळ्यांचं उरकलं आणि ती त्यांच्यापाशी गेली. दोन पानं डहाळीची तोडली. बाई हात पुढं करणार, तोच बायजाबाईनं आपल्या बोटांनी ती पानं त्यांच्या तोंडात घातली. मग तांब्या वाकवला. "घ्या बाई," म्हणाली.

बाईंनी ओंजळ तोंडाला लावली. मग त्यांनी चूळ घुसळायला सुरुवात केली, गालाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, सावकाश, जशी मी भिंतीपलीकडून ऐकत आले होते तशी. पायाशी बांधलेल्या लालीनं सवयीनं उठून त्यांच्या तोंडाकडं मान लांबवली. बाईंनी तिच्याकडं बघितलं, डोळे मिटले, आणि ती चूळ गिळून टाकली.